थंडीचा जमाखर्च

शेण, खरकटें, उसाचें प्रेसमड अशा पदार्थांपासून निघणारा वायु थंडीच्या साह्यानें शुद्ध कसा करतात, आणि त्या थंडीवर होणारा विजेचा खर्च कमी कसा करतां येतो, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकून कोणास वाटेल, कीं बोलणारा इसम इंजिनिअर असावा. तसें नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. उभा जन्म मुलांना त्रैराशिक आणि व्याज शिकविण्यांत गेला, आणि या विषयाकडे मी वळलों तोहि एका हिशोबामुळेंच.

आमच्या गांवच्या दूध-उत्पादक सोसायटीनें शेणाच्या वायूचा एक मोठा संच उभारला आहे. तो वायु शुद्ध करून आसपासच्या मोटारींना इंधन म्हणून विकावा, असा विचार चालला असतां एक विक्रेते आपला कागद घेऊन आले. वायु इतका गार करावयाचा, कीं त्यांतील निरुपयोगी भाग बर्फ होऊन नळ्यांवर बसेल आणि कामाचा भाग मोकळा राहील. शिवाय तो बर्फहि विकतां येईल, अशी ती योजना होती. वीज अगदीं अल्प लागेल, असें कागदावर लिहिलेलें होतें. सोसायटीचे चेअरमन माझे जुने विद्यार्थी. त्यांनीं कागद मजपुढें ठेवला व म्हणाले, "गुरुजी, आंकडे तेवढे तपासून द्या. पैसा सभासदांच्या दूधबिलांतून कापलेला आहे, माझ्या खिशांतला नव्हे."

त्या कागदांत एक चूक होती. ती सांपडावयास मला दोन महिने लागले. तुम्हांस ती या पंधरा मिनिटांत सांपडावी, अशी माझी खटपट आहे.

प्रथम हा वायु कशाचा बनलेला असतो तें पाहूं. तो कांहीं नवा नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालींच मैल्याच्या टाक्यांतून तो गोळा करण्याची सोय केलेली होती. त्यांत सामान्यतः शेंकडा ५५ ते ६५ भाग मिथेन असतो. जळतो तो हाच. शेंकडा ३५ ते ४५ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. त्याला मी पुढें सोयीसाठीं कर्बवायु म्हणेन. हा जळत तर नाहींच, उलट नळकांड्यांतली जागा अडवितो. बाकी थोडी पाण्याची वाफ, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, जो लोखंड खातो. चुलीला एवढें चालतें. मोटारीला चालत नाहीं. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणें मोटारीच्या इंधनांत मिथेन शेंकडा ९० हून कमी असतां कामा नये.

कर्बवायु काढण्याच्या रीति अनेक आहेत. सर्वांत साधी रीत म्हणजे दाबाखालीं पाण्यानें धुणें. कर्बवायु पाण्यांत मिथेनच्या वीस-पंचवीसपट विरघळतो, या एका गोष्टीवर ती रीत उभी आहे, आणि तिला दर घनमीटर कच्च्या वायूमागें पाव युनिटाच्या आसपास वीज लागते. हा पाव युनिटाचा आंकडा कृपा करून लक्षांत ठेवावा; तो पुढें लागणार आहे. दुसऱ्या कांहीं रीति रासायनिक द्रवांच्या व पातळ पडद्यांच्या आहेत, त्यांत आज शिरत नाहीं.

आतां थंडीची रीत. नुसता कर्बवायु साध्या हवेच्या दाबाखालीं उणे ७८ अंश सेंटिग्रेडला गोठतो. तो पाण्यासारखा आधीं द्रव होत नाहीं. वायूचा एकदम बर्फ, आणि बर्फाचा एकदम वायु. यालाच कोरडा बर्फ म्हणतात. पण मिथेनमध्यें मिसळलेला असतां तो उशिरां गोठूं लागतो, उणे ८८ अंशांच्या सुमारास. आणि शेंकडा दोन भागच उरावा असें वाटत असेल, तर उणे ११५ अंशांच्याहि खालीं जावें लागतें. मिथेन मात्र उणे १६१ अंशांपर्यंत वायुच राहतो. दोघांच्या स्वभावांतील हें अंतर हेंच या रीतीचें भांडवल. पाण्याची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड मात्र अगोदरच काढून टाकावे लागतात, नाहींतर पाण्याचा बर्फ पहिल्याच वळणावर नळी बुजवितो.

थंडी निर्माण करणें ही भाषा तशी चुकीची आहे. थंडी अशी कांहीं वस्तु नाहीं. वस्तूंतील उष्णता उपसून बाहेर टाकावी लागते. माझ्या लहानपणीं आमच्या मळ्यांत मोट चालत असे. बैल धावेवरून खालीं जात, नाडा ताणला जाई, आणि मोट थारोळ्यांत रिकामी होई. विहीर जितकी खोल, तितकी धाव लांब आणि बैलांना श्रम अधिक. उष्णतेचें अगदीं तसेंच आहे. बाहेरची हवा हें थारोळें. गार करावयाची वस्तु हें विहिरींतलें पाणी. अंशांतील अंतर ही खोली. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरानें १८२४ सालीं उष्णतेच्या इंजिनांविषयीं जो सिद्धांत मांडला, तो उलट वाचला कीं या मोटेचें गणित मिळतें, आणि लॉर्ड केल्विन यांच्या मापनपद्धतीमुळें तें सातवीच्या मुलालाहि करतां येतें. उणे २७३ अंश हें शून्य धरावयाचें. मग २७ अंशांची बाहेरची हवा म्हणजे ३००. जेथून उष्णता काढावयाची तेथील अंक ३०० मधून वजा करावा, आणि बाकीला त्याच अंकानें भागावें. आलेला भागाकार म्हणजे कमींत कमी श्रम.

दूध ४ अंशांवर ठेवावयाचें असेल, तर शंभर भाग उष्णता उपसण्यास तत्त्वतः ८ भाग श्रम पुरतात. उणे ७८ अंशांवरून उपसण्यास ५४ भाग. उणे १२० वरून ९६. आणि मिथेनचा द्रव करण्यासाठीं उणे १६१ वरून उपसावयाची तर १६८ भाग! येथें एक विशेष ध्यानांत येईल. ही विहीर खालीं जातां जातां अधिकाधिक खोल होत जाते. वरच्या दहा अंशांपेक्षां तळाचे दहा अंश फार महाग पडतात.

यावरून पहिली काटकसर निघते. जी उष्णता वरच्या पायरीवरून उपसतां येते, ती तळाशीं जाऊं देऊन मग उपसूं नये. याचा हिशोब मी फळ्यावर मांडून पाहिला आहे. एक किलो मिथेनचा द्रव करतांना सुमारें ९१० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यांतील ४०० तो गार होत असतांना वाटेवर निघते, आणि ५१० द्रव होतांना अगदीं तळाशीं. सारी ९१० तळाच्याच मोटेनें ओढली, तर तत्त्वतः ०.४२ युनिट लागतें. वाटेवरची उष्णता वाटेवरच जागजागीं काढून घेतली, तर ०.३० युनिट. हे झाले आदर्श यंत्राचे आंकडे. खरें लहान यंत्र आदर्शाच्या एकतृतीयांश काम करील तर त्याला शाबासकी द्यावी. म्हणजे या दोन आंकड्यांची तिप्पट घ्या. ती वीज त्याच वायूवर इंजिन चालवून करावयाची, तर इंजिनहि वायूच्या उष्णतेपैकीं तिसरा हिस्साच विजेंत देतें, पुन्हां तिप्पट. एका किलो मिथेनच्या उष्णतेशीं हें ताडून पाहिलें, तेव्हां उत्तर आलें तें असें: पायऱ्यापायऱ्यांनीं उपसलें तर शंभर किलोंपैकीं सुमारें १९ किलो वायु थंडीसाठीं खर्ची पडतो; एकाच खोल मोटेनें उपसलें तर २७ किलो. आठ किलोंचा हा फरक केवळ मांडणीचा आहे. त्यासाठीं नवा शोध लागत नाहीं.

पायऱ्यांची ही कल्पना जुनी आहे. जिनिव्हाच्या राउल पिक्ते यांनीं १८७७ सालीं ऑक्सिजनचा द्रव करतांना एका थंड द्रवानें दुसरा थंड करण्याची साखळी वापरली, आणि लायडन येथें कामर्लिंग ओन्नेस यांनीं ती रीत पुढें नेऊन मेथिल क्लोराइड, एथिलीन व ऑक्सिजन अशा तीन मोटा एकीखालीं एक बसविल्या. प्रत्येक मोटेला निराळा काँप्रेसर लागे, हा त्यांतला खर्चाचा भाग. १९५९ सालीं सोव्हिएट शास्त्रज्ञ क्लीमेन्को यांनीं निराळीच युक्ति सुचविली. अनेक द्रव एकाच नळींत मिसळून फिरवावयाचे. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, एथिलीन उणे १०४ ला, मिथेन उणे १६१ ला, नायट्रोजन उणे १९६ ला. मिश्रण गरम होत जातां जातां एकामागून एक घटक उकळतो, आणि एकच काँप्रेसर असून पायऱ्या मात्र आपोआप पुष्कळ मिळतात. मिश्रणाचें प्रमाण संभाळणें हें मात्र कसबाचें काम आहे. थोडी गळती झाली, कीं हलके घटक आधीं निसटतात आणि सारी जमवाजमव बिघडते.

दुसरी काटकसर आपल्या डेअरींतच पाहावयास मिळते. तालुक्याच्या संघाच्या डेअरींत माझा एक विद्यार्थी पाश्चरायझरवर आहे. त्यानें मला पत्र्यांची ती उभी चळत दाखविली. तापवून बाहेर पडणारें दूध पत्र्याच्या एका अंगानें जातें, आणि नुकतेंच आलेलें गार दूध दुसऱ्या अंगानें. गरम दूध निवतें, गार दूध तापतें. इंधनहि वांचतें आणि बर्फाचें पाणीहि. वायु शुद्ध करणाऱ्या यंत्रांतहि असेंच व्हावयास हवें. उणे ११५ अंशांवर शुद्ध झालेला मिथेन तसाच बाहेर सोडणें म्हणजे भरलेली मोट पुन्हां विहिरींत ओतणें होय. त्यानें जातां जातां येणाऱ्या कच्च्या वायूला गार करून जावें. पत्र्यांच्या दोन अंगांमध्यें अंशांचा फरक जितका कमी, तितकी उसनवारी चोख. फरक कमी ठेवावयाचा तर पत्रे अधिक लागतात, म्हणजे पहिला खर्च वाढतो. परंतु वर सांगितल्याप्रमाणें तळाचे अंश महाग आहेत; म्हणून पत्र्यांची कंजुषी करावयाचीच असेल तर ती वरच्या उबदार टोकाला करावी, तळाशीं करूं नये.

इतकें समजल्यावर मी तो कागद पुन्हां उघडला.

एक घनमीटर कच्चा वायु घ्या. त्यांत साठ भाग मिथेन व चाळीस भाग कर्बवायु धरला, तर कर्बवायूचें वजन भरतें सुमारें ७९० ग्रॅम. तो सारा वायु उणे ११५ अंशांपर्यंत नेण्यास ढोबळ मानानें ६५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पैकीं ४५० किलोज्यूल एकट्या कर्बवायूचा बर्फ होतांना निघतात. म्हणजे घातलेल्या थंडीपैकीं दोनतृतीयांशाहून अधिक थंडी त्या बर्फांत कोंडून बसते. ती परत मिळविण्याचा मार्ग एकच. तो बर्फ यंत्राच्या आंतच पुन्हां वायुरूपानें उडूं द्यावयाचा, आणि उडतांना त्यानें येणाऱ्या वायूची उष्णता शोषून घ्यावयाची. ही परतफेड पुरी होत नाहीं, कारण बर्फ धरतो सरासरीनें उणे ९५ अंशांवर आणि उडतो उणे ७८ वर. वरच्या पायरीची थंडी स्वस्त. आणेवारीच्या भाषेंत सांगावयाचें तर रुपया दिला आणि साडेबारा आणे परत आले. तरीहि साडेबारा आणे कांहीं थोडे नव्हेत.

कागदांत विजेचा आंकडा धरला होता तो हे साडेबारा आणे परत येतात असें समजून. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर, उत्पन्नाच्या बाजूला, तोच बर्फ दर किलोच्या भावानें विकलेला दाखविला होता!

श्रोते हो, एकच बर्फ विकावयाचाहि आणि यंत्रांत उडवावयाचाहि, हें कसें घडावें? तो टेंपोंत भरून फाटकाबाहेर गेला, कीं त्याच्याबरोबर आपली थंडीहि गेली. त्या थंडीची किंमत काय? तत्त्वतः घनमीटरमागें ०.०८६ युनिट, खऱ्या यंत्रांत तिप्पट, म्हणजे सुमारें पाव युनिट. लक्षांत ठेवावयास सांगितलेला आंकडा आतां आठवावा. पाण्यानें धुण्याच्या रीतीला सबंध कामासाठीं जितकी वीज लागते, तितकी एकट्या या बर्फाबरोबर गाडींतून निघून जाते. विक्रेत्यांनीं हें मुद्दाम केलें असें मी म्हणणार नाहीं. दोन पानें दोन निराळ्या माणसांनीं लिहिलीं असावीं.

बर्फाच्या बाबतींत आणखीहि एक अडचण आहे. तो नळ्यांवर बसतो, आणि थर जाड झाला कीं गोधडीचें काम करूं लागतो. आंतली थंडी बाहेरच्या वायूपर्यंत पोंचत नाहीं, आणि यंत्राला अधिकाधिक खालच्या अंशांवर ओढावें लागतें. म्हणून दोन कोठ्या ठेवतात. एकींत बर्फ धरत असतां दुसरींतला उडतो, मग पाळी बदलते. पॅरिसच्या एकोल दे मीन या विद्यालयांतील देनी क्लोदिक यांनीं या पद्धतीवर पुष्कळ काम केलें असून पॅरिसजवळ व्हॅलांतों येथील सांडपाण्याच्या केंद्रांत ती चालवून पाहण्यांत आली. पाळी केव्हां बदलावी यांत मोठी हुशारी आहे. लवकर बदलली तर कोठी वारंवार तापवून पुन्हां निवविण्यांत थंडी वाया जाते. उशिरां बदलली तर गोधडी जाड होते.

बर्फाचा हा त्रास टाळण्यासाठीं कांहीं जण वायु दाबून घेतात. दाब वातावरणाच्या पांचपटीहून थोडा अधिक असला, कीं उणे ५६ अंशांच्या वर कर्बवायु बर्फ न होतां द्रव होतो. द्रव वाहतो, पंपानें ओढतां येतो, पत्र्यांना चिकटत नाहीं. शिवाय उणे ५० अंशांची विहीर उणे ११५ च्या मानानें कितीतरी उथळ. परंतु या वाटेनें पुरती शुद्धता येत नाहीं. पन्नास-पंचावन्नपट दाब ठेवला तरी निदान दहावा हिस्सा कर्बवायु मागें राहतोच. तेव्हां मोठा भाग असा द्रवरूपानें काढावा आणि उरलेला दुसऱ्या रीतीनें, अशी संयुक्त योजना मला अधिक शहाणपणाची वाटते.

थारोळ्याच्या बाजूकडेहि पाहावयास हवें. तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. युरोपांतील यंत्राचे आंकडे तिकडच्या थंड हवेंतले असतात. आमच्याकडे मे महिन्यांत दुपारीं ४२ अंश होतात. मग वर सांगितलेल्या १६८ भागांचे १८१ होतात. यंत्राचा गरम भाग उन्हांत पत्र्याखालीं न ठेवतां सावलींत व वाऱ्यावर ठेवावा, आणि सांठवणाची सोय असेल तर जड काम रात्रीं करावें. काँप्रेसरमधून निघणारा वायु चांगलाच कढत असतो. त्या उष्णतेनें पाणी तापवून तें शेण कालविण्यास वापरावें. शेणाच्या टाकींतील जंतूंना ३५ ते ३७ अंशांची ऊब मानवते, आणि आमचा संच दर हिंवाळ्यांत मंदावतो, हें सोसायटीच्या प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे.

तर मग ही थंडीची रीत मुळींच नको काय? असें माझें म्हणणें नाहीं. कॅलिफोर्नियांत आल्टामाँट येथें कचऱ्याच्या डोंगरांतून निघणारा वायु २००९ सालापासून द्रव करूं लागले. दिवसास १३,००० गॅलनपर्यंत द्रव निघावा अशी ती योजना होती, आणि कचरा वाहणाऱ्या गाड्याच त्यावर चालावयाच्या होत्या. स्वीडनमध्यें लिडशेपिंग येथें २०११ सालीं असाच कारखाना निघाला. तेथें कर्बवायु आधीं पाण्यानें धुऊन काढीत आणि मग नायट्रोजनच्या चक्रानें मिथेनचा द्रव करीत. नायट्रोजनचें चक्र साधें व निर्धोक असतें, मात्र मिश्र द्रवांच्या चक्रापेक्षां वीज अधिक खातें. द्रव मिथेन लांबच्या गांवीं नेतां येतो. थोड्या टाकींत पुष्कळ मावतो. जेथें द्रवच हवा, तेथें थंडी टळत नाहीं, आणि मग कर्बवायूहि त्याच थंडीनें काढणें सोईचें पडूं शकतें. आमच्या सोसायटीला मात्र द्रव नको. गिऱ्हाईक पांच-सात कोसांच्या आंतलेंच आहे.

केवळ वेगळें करण्यासाठीं म्हणाल, तर एका घनमीटरमधील हे दोन वायु निरनिराळे करण्यास तत्त्वतः दोन शतांश युनिट एवढीच वीज पुरावी. पाण्याच्या रीतीला त्याच्या दहा-बारापट लागते. सुधारणेला एवढी जागा दोन्ही रीतींत शिल्लक आहे, म्हणून थंडीची रीत आणखी दहा वर्षांनीं कोठें असेल याविषयीं मी पैज लावणार नाहीं.

मीं चूक दाखविली तेव्हां विक्रेते रागावले नाहींत. त्यांनीं कागद नेला आणि पंधरवड्यानें नवा आणला. त्यांत दोन रकाने आहेत. पहिल्यांत बर्फ विकला आहे व वीज वाढली आहे. दुसऱ्यांत बर्फ उडविला आहे व उत्पन्नाचा रकाना कोरा आहे. चेअरमननीं करारांत दोन कलमें घालावयास सांगितलीं. थंडीच्या यंत्राला विजेचा मीटर स्वतंत्र असावा, आणि घनमीटरमागें किती युनिटें लागतात त्याची परीक्षा मे महिन्यांत दुपारीं घ्यावी. पहिल्या कलमावर सही झाली आहे. दुसऱ्यासाठीं विक्रेत्यांनीं मुदत मागितली आहे, आणि सोसायटीची सभा येत्या महिन्यांत आहे.